तापीकाठची हौस

‘हौशी’ या शब्दात मराठी माणूस अर्धं कौतुक भरतो आणि अर्धी सूट. हौशी गायक म्हटलं की सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, आणि हौशी छायाचित्रकार म्हटलं की लोक ‘वा, छान’ म्हणून चहाकडे वळतात. आमच्या गोव्यात मात्र या शब्दाचं वजन वेगळं आहे. गावच्या जत्रेला देवळासमोरच्या मांडवात रात्री नाटक असायचं. दिवसा माडावरून नारळ पाडणारा रात्री संभाजी, आणि पोस्टात बसणारा औरंगजेब. त्याला संभाजी करायचा अधिकार काय, असं कुणी विचारत नसे. वाक्य विसरला तर पडद्यामागून प्रॉम्प्टरचा आवाज यायचा, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा, आणि नाटक पुढे सरकायचं. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांमध्ये गावोगावची मंडळं वर्षानुवर्षं उतरत आली ती याच हौसेवर.

अशा मातीत वाढलेला माणूस मी. तरीही सुरतेत स्वतःची छायाचित्रं चार लोकांसमोर मांडायची गोष्ट निघाली, तेव्हा दीड वर्ष घुटमळलो. कारण शोधायला गेलो तर ते साधंच निघालं. नाटकातली चूक सगळ्या गावाची असते. भिंतीवर टांगलेलं चित्र एकट्याचं असतं, आणि खाली तुमचं नाव असतं.

आता सुरतेबद्दल थोडं सांगायला हवं. मी इथे नोकरीनिमित्त १९९८ साली आलो, हजिऱ्याकडच्या एका कारखान्यात. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. म्हणजे सुरतेत यायचं ते जेवायला. लोचो खा, उंधियुं खा, पोंक खा. पण बघायला म्हणून सुरतेत कुणी येत नाही. गोव्याच्या नातेवाइकांना मी निसर्गदृश्यं टिपतो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: “अरे, गोवा सोडून सुरतेत कसली दृश्यं?”

प्रश्न चुकीचा नाही. डुमसच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही जरा बिचकलोच होतो. वाळू काळी, पाणी मातकट. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतलं अंतर एवढं, की ओहोटीला समुद्र कुठे गेला ते शोधावं लागतं. मागे उरतो तो चमकणारा चिखल, त्यावर बगळ्यांची पावलं आणि दूर एखादी कलंडलेली होडी. मिरामारला किंवा मोरजीला डोळे जे शोधतात त्यातलं इथे काहीच नाही. पण दोन-तीन पावसाळे गेले आणि तो राखाडी रंग मला आवडायला लागला. इतका, की सुट्टीत गोव्याला गेलो की तिथला हिरवा-निळा मला भडक वाटू लागला. (हे घरी बोलायची सोय नाही.)

आणि मग तापी. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली ही नदी खानदेशातून, भुसावळवरून, उकाईच्या धरणातून सुरतेला येते. तिच्या खोऱ्यातूनच रेल्वेचा रस्ता येतो आणि त्या रस्त्याने जळगाव-धुळ्याची लाखो माणसं उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत आली. हातमाग-यंत्रमागावर, हिऱ्याच्या घंटीवर, रंगाच्या गिरण्यांत. सुरतेत मराठी ऐकायचं असेल तर त्या बाजूला जावं. अर्थात तिथे कानावर पडते ती बऱ्याचदा अहिराणी. हिवाळ्यात सिंगणपोरच्या कॉजवेवर परदेशी कुरव पक्षी उतरतात. पहाटे धुकं असतं, पाण्यावर जलपर्णीचे हिरवे पट्टे असतात, आणि सुरती माणूस आपल्या स्वभावाला जागून पक्ष्यांनाही शेव-गाठिया खाऊ घालत असतो. हे सगळं मी वीसेक वर्षं टिपत आलो. आधी फिल्मवर, मग डिजिटलवर.

आम्ही रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन फिरणारे पाच-सहा जण आहोत. त्यातले एक डॉक्टर, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे. एकदा रांदेरला चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “भाई, आ बधुं क्यां सुधी डबामां राखशो?” किती दिवस डब्यात ठेवणार? सिटीलाइटला महापालिकेचं सायन्स सेंटर आहे, त्यात कलादालन आहे. तिथे तीन दिवस लावूया म्हणाले. मी हसून विषय बदलला. ते मात्र विसरले नाहीत.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “अहो, लावा की. पण तीन दिवसांनी त्या तीस फ्रेमी घरात कुठे ठेवणार तेही ठरवा. खाटेखाली आधीच तुमचे जुने कॅमेरे आहेत.” या मुद्द्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो बोचतो, पण अडवत नाही. सोळा बाय चोवीस इंचांचा चांगल्या कागदावरचा प्रिंट, त्याला माउंट, लाकडी पट्टी, काच. एकाचे पैसे द्यायला काही वाटत नाही, तिसांचा गुणाकार केला की वाटतं. मला अडवत होतं ते दुसरंच.

एक म्हणजे गोव्याचा अनुभव. बार्देशातल्या पर्रा गावचा तो माडांच्या मधून जाणारा रस्ता आठवतो? ‘डिअर जिंदगी’ हा सिनेमा २०१६ साली आला आणि त्या रस्त्याचं नशीब फिरलं. लोक गाड्या आडव्या लावून मधोमध उभे राहू लागले. शेवटी २०१९ साली पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, त्यावर गदारोळ झाला आणि ते बंद झालं. माझ्या तीस चित्रांमुळे सुंवाळीच्या किनाऱ्यावर झुंबड उडेल एवढा गैरसमज मला नाही. पण ‘सुंदर’ म्हणून बोट दाखवणं ही निरुपद्रवी गोष्ट नसते, हे गोंयकाराला कुणी वेगळं शिकवायला नको.

दुसरं म्हणजे कोणती चित्रं लावायची. तापीच्या मुखाशी उभं राहून टिपायचं तर एका अंगाला हजिऱ्याच्या चिमण्या येतातच. जरा डावीकडे सरकलं की नुसती नदी, होडी आणि आकाश. आमच्या गटातले बहुतेक जण डावीकडे सरकतात. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत, कारण त्या चिमण्यांवर माझं घर चाललं आणि त्यांना चौकटीबाहेर काढणं मला कृतघ्नपणाचं वाटे. पण कलादालनात काय शोभेल? लोकांना सूर्यास्त हवा असतो, आणि खरं सांगायचं तर सूर्यास्त आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा चांगला असतो.

या घोळात असताना कतारगाम दरवाजाजवळच्या डच कबरस्तानात बरेचदा जात असे. तिथे हेंड्रिक व्हान रीड याची दुमजली, घुमटाची प्रचंड कबर आहे. इंग्रजांच्या ऑक्झेंडेन बंधूंच्या कबरीवर ताण करायला डचांनी ती एवढी मोठी बांधली असं म्हणतात. (त्यातला जॉर्ज ऑक्झेंडेन म्हणजे १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा.) व्हान रीड हा डच कंपनीचा मलबारचा कारभारी. पेशाने सैनिक आणि अधिकारी, वनस्पतिशास्त्रात तसा हौशीच. पण मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती आणि चित्रं जमवून त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅमला छापून आला. तो वारला १६९१ साली, सुरतेला येताना जहाजावर. शेवटचा खंड निघाला १६९३ मध्ये.

मला त्याच्याकडे ओढून नेणारी गोष्ट मात्र वेगळीच. त्या पहिल्या खंडात कोचीच्या तीन वैद्यांचं प्रमाणपत्र छापलंय: रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट. हे सारस्वत, मूळ गोव्याकडचे. प्रमाणपत्र १६७५ सालचं, कोंकणीत आणि नागरी लिपीत. मजकूर काय, तर ग्रंथातली माहिती आम्ही तपासली आहे आणि ती खरी आहे. म्हणजे हौशी माणसाने आपलं काम जगापुढे ठेवण्याआधी, ज्यांची ती झाडं, ज्यांची ती विद्या, त्यांच्याकडून सही घेतली! कबरीच्या सावलीत बसून या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केलाय. माझ्या चित्रांवर सही कोण करणार?

उलट उदाहरणही इथून जवळचंच. होमाई व्यारावाला या नवसारीत जन्मल्या, १९१३ साली. सुरतेहून गाडीने नवसारी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवून दिला तो कायमचा, आणि पुढे बडोद्यात कितीतरी वर्षं शांतपणे राहिल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं ते २०१० साली, पद्मविभूषण मिळालं २०११ साली, आणि २०१२च्या जानेवारीत त्या गेल्या. त्या व्यावसायिक आणि मी रविवारचा, तुलना अर्थातच नाही. पण मधल्या चाळीस वर्षांत ते सगळं डब्यात होतं, तरी त्यांचं काही अडलं नव्हतं, हे मला फार दिलासा देणारं वाटे. डॉक्टरांना हे ऐकवलं तर म्हणाले, “ए तो होमाईबेन हतां. तमारा डबा कोण खोलशे?” निरुत्तर झालो.

शेवटी नमुन्यादाखल चार फ्रेमी करून बघू म्हणून वेड रोडला एका फ्रेमवाल्याकडे गेलो. मूळचे अमळनेरकडचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मराठी ऐकल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. तीन प्रिंट त्यांनी सराईतपणे मापले. चौथ्यावर थांबले.

ते ८ ऑगस्ट २००६चं होतं. तापीचा तो महापूर सुरतकर विसरणं शक्य नाही. शहरात धड पाऊसही नव्हता. पाऊस पडला तो वर, पाणलोटात, आणि उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडवला. राखीपौर्णिमा होती ९ तारखेला. वीज नव्हती, दूध नव्हतं. मी तेव्हा रांदेर बाजूला राहत होतो. पहाटे गच्चीवर गेलो आणि समोर, नदीपलीकडे, वेड-सिंगणपोरच्या दिशेला जे दिसलं ते टिपलं. तांबूस पाण्याची अफाट चादर, त्यावर फाटलेल्या ढगांतून आलेला उजेड, आणि मधूनमधून झाडांचे शेंडे. माणूस एकही नाही. माझ्या सगळ्या कामातलं ते सर्वांत देखणं चित्र आहे. डॉक्टरांच्या मते तर प्रदर्शनाचा चेहराच. त्यांनी नावही सुचवलं होतं, ‘जलमौन’.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट डोळ्यांजवळ नेला आणि एका शेंड्यावर बोट टेकवलं. “हा पिंपळ. याच्या पलीकडे माझं दुकान होतं. इथं, पाण्याखाली. आम्ही वर पत्र्यावर होतो, चौघं.” मग माझ्याकडे न बघता, “तुम्ही त्या वेळेला गच्चीवर होते का?”

मी होतो म्हटलं. दुकानात यंत्राने पट्टी कापल्याचा आवाज तेवढा येत होता. मी तो प्रिंट परत पिशवीत घालायला हात पुढे केला. हा लावत नाही म्हणालो.

“का बरं?” त्यांनी प्रिंट सोडला नाही. “लावा ना. आमच्याकडे त्या दिवसाचं काहीच नाही. कॅमेरा कोणाकडे होता? होता त्याचा पाण्यात गेला.” मग नाव विचारलं. मी ‘जलमौन’ सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. “मौन कसलं साहेब, किती आवाज होता पाण्याचा. भागाचं नाव लिहा. तारीख लिहा. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे खाली कोण होतं.”

त्या संध्याकाळी मी घरी येऊन सगळी नावं खोडली. ‘सांजरंग’ गेलं, ‘धुक्याची दुलई’ गेली. आता प्रत्येक चित्राखाली जागा आणि तारीख आहे, गुजरातीत आणि मराठीत. चिमण्यांची पाच चित्रं आत आली, सूर्यास्त दोनच उरले. सुंवाळीचं एक वगळलं, कारण त्यात वाट फार स्पष्ट दिसते. किंमत कुठल्याच चित्राला लावायची नाही असं ठरलं, त्यावर डॉक्टर जरा नाराज आहेत. तारखा डिसेंबरच्या मिळाल्या आहेत, शुक्रवार ते रविवार.

पुराचं चित्र दारासमोर लावायचं की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. आप्पांचं म्हणणं, समोर नको. आत डावीकडच्या कोपऱ्यात लावा आणि त्याच्यापुढे खुर्ची ठेवा, कारण कितीक लोकांना ते बघून बसावं लागेल. मी कलादालनात विचारलं. दोन खुर्च्या देतो म्हणालेत.