मधे बोलायचं नाही

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखानदारांसाठी आमच्या छोट्या गटानं वेबसाइट केली. ती सगळ्यांसाठी खुली करण्याआधी खऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात देऊन बघायची, असा माझा आग्रह होता. मालकांना ते पटायला वेळ लागला. "पोराला दाखवली, पुतण्याला दाखवली, सगळे चांगली म्हणाले की!" पण घरचा माणूस साइट बघायला बसतो. गिऱ्हाइकाला साइटशी देणंघेणं नसतं, त्याला चादर हवी असते. अडतो तो तोच.

चाचणी लोकांच्या घरी, त्यांच्याच फोनवर घ्यायची हे मी आधीच ठरवलं होतं. काचेला तडा गेलेली, मेमरी भरत आलेली, फॉरवर्ड केलेल्या फोटोंनी गच्च झालेली ती यंत्रं आमच्या ऑफिसातल्या फोनसारखी वागत नाहीत. समोरच्याला एक काम द्यायचं, "लेकीच्या सासरी पाठवायला एक चादर मागवा," आणि गप्प बसायचं. बोट कुठं थांबतं, नजर काय शोधते, एवढंच टिपायचं. "आता कुठं दाबू ओ?" असं विचारलं तरी सांगायचं नाही. मदत करण्यासाठी जीव तुटतो, पण आपण सांगून टाकलं की चाचणी तिथंच संपली.

मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा, असं सांगून चाचणी घेण्याची रीत आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी 1982 साली मांडली आणि ती जगभर रुळली. आमच्याकडं ती पहिल्याच बैठकीत अडली. वळलेल्या विड्या विडी कंपनीच्या ब्रँचला देऊन नुकत्याच घरी आलेल्या एक अक्का, समोर आम्ही अनोळखी माणसं. त्या बोलणार काय? प्रत्येक पानाला "छान आहे की" एवढंच. शेवटी त्यांच्या जाऊबाईंना शेजारी बसवलं आणि दोघींचं तेलुगूत सुरू झालं. माझी सहकारी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली, ती भराभर मराठीत उतरवून घेत होती. हे बटण कशाला, पैसे आत्ताच कापतात का, चादर खरंच येईल का? आमच्यापाशी जे ओठांवर येत नव्हतं, ते दोघी एकमेकींना बिनदिक्कत विचारत होत्या. तेव्हापासून आम्ही लोकांना जमेल तिथं जोडीनंच बसवतो.

चादरीचा फोटो उघडल्यावर जाऊबाईंनी दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली. फोटो मोठा होईना. पुन्हा फाकवली. मग बोट डावीकडं ओढलं, उजवीकडं ओढलं आणि शेवटी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवून वर सरकवलं, अगदी दुकानात चादरीचा कोपरा धरून उलटतात तसं. सोलापुरी जॅकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरतात. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. इथलं जाणतं गिऱ्हाईक चादर उलटून, वीण बघून, हातावर वजन घेऊनच पैसे काढतं. साइटवर पलंगावर अंथरलेल्या चादरींचे देखणे फोटो होते; उलट्या बाजूचा एकही नव्हता. मालक कोपऱ्यात मोठ्या मुश्किलीनं गप्प बसले होते, त्यांना राहवलं नाही. "अहो, उलटी बाजू कुठाय?" मधे बोलायचं नाही हा नियम मोडला, पण त्या एका वाक्यासाठी मी तो दहा वेळा मोडू देईन.

पुढं खातं उघडायचा ओटीपी आला. म्हणजे आला असावा. अक्कांनी नंबर दिला होता नवऱ्याचा, कारण गॅसपासून रेशनपर्यंत घरातलं सगळं त्याच नंबरावर. ते होते कामावर, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात फोनची घंटा कुणाला ऐकू येणार? ऑर्डर तिथंच थांबली. पत्त्याच्या रकान्यातही तेच. आमचा फॉर्म रस्त्याचं नाव मागत होता आणि ते भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हता. हैदराबाद रस्त्यावरच्या विडी घरकुल वसाहतीत पत्ता म्हणजे ग्रुपचं अक्षर आणि घर नंबर. पोस्टमनला तेवढं पुरतं.

दुसऱ्या एका घरी लग्न होतं. वधूपित्याला आहेरासाठी टॉवेल हवे होते, तेही शेकड्यानं. संख्येच्या रकान्यात आकडा लिहिता येत नव्हता, नुसतं अधिकचं बटण. ते अंगठ्यानं दाबत राहिले, मधेच मोजणी चुकली, कमी केले, पुन्हा वाढवले. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मालकांचा फोन नंबर द्या ना."

याकोब निल्सन यांनी 2000 साली लिहिलं होतं की पाच माणसांसोबत चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात. माझा अनुभव त्याला धरून आहे. तिसऱ्या-चौथ्या घरापासून त्याच त्या जागी बोटं अडायला लागतात. पण हा हिशेब एकसारख्या वापरणाऱ्यांचा आहे. गट वेगळे असतील तर प्रत्येकातली माणसं घ्यावी लागतात, हे निल्सन यांनीही सांगितलेलं आहे. एका चादरीमागं तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी गिऱ्हाइकं असलेल्या या शहरात ते विसरून चालणार नाही. पुण्यामुंबईत बसून सोलापूरच्या धंद्यासाठी साइट करणाऱ्यांनी निदान एक दुपार साखर पेठेत काढावी, असं मला मनापासून वाटतं.

आता खातं न उघडता ऑर्डर देता येते आणि कारखान्यातून फोन करून ती पक्की केली जाते. रस्त्याचा रकाना गेला, त्याच्या जागी ओळखीची खूण आली. टॉवेलचा आकडा लिहिता येतो. प्रत्येक चादरीचे दोन्ही बाजूंचे फोटो मालकांनी स्वतः उभं राहून काढून घेतले. त्यानंतर अक्का आणि जाऊबाईंकडं पुन्हा गेलो, तेव्हा चादर निवडून झाली, पत्ता भरून झाला आणि दोघी वजनावर अडल्या. वजन कुठंच लिहिलेलं नव्हतं. मालकांनी तिथूनच कारखान्यात फोन लावला आणि एकेक चादर काट्यावर ठेवायला सांगितली.