डोंगरवाटेची सायकल आणि खिशांतील फोन

मुंबईहून पुण्यास किंवा गोंव्यास जाणाऱ्या प्रवाशाला पनवेल हें गांव बहुधा गाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतें. ज्या गांवीं १८५२ सालीं नगरपालिका स्थापन झाली, तें हें जुनें बाजारपेठेचें गांव २०१६ सालीं महानगरपालिकेचें शहर झालें, आणि २०२५ च्या अखेरीस तालुक्यांतील नव्या विमानतळावरून विमानेंही उडूं लागलीं. परंतु या साऱ्या गजबजाटाच्या पाठीशीं डोंगरांची रांग जुन्याच डौलानें उभी आहे. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेस प्रबळगडाचा सुमारें २,३०० फूट उंचीचा माथा, त्याच्या कुशीला कलावंतिणीचा निमुळता कडा आणि त्यांमागें माथेरानचें पठार, असा हा देखावा आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याशीं असलेल्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

अलीकडे रविवारीं पहांटे या डोंगरांच्या पायथ्याशीं एक नवीन दृश्य दिसूं लागलें आहे. जाड, दांतेरी टायरांच्या सायकली घेऊन तरुण मंडळी डांबरी रस्ता सोडतात आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनीं रानांत शिरतात. व्यायाम, मोकळी हवा आणि थोडेसें धाडस यांचा असा मिलाफ क्वचितच सांपडेल. त्याचें आम्ही स्वागतच करतों. मात्र घरून निघतांना उंबरठ्यावर जो एक प्रश्न ठरलेला असतो, त्याविषयीं येथें चार शब्द लिहावेसे वाटतात. तो प्रश्न म्हणजे, “फोन घेतलास ना?” ‘घेतला’ असें उत्तर मिळतांच आईचा जीव भांड्यांत पडतो, जणूं मुलाच्या अंगावर कवचच चढलें. उलटपक्षीं, रानांत फोन नेणें म्हणजे रानाचा अपमान होय असें मानणारे कांहीं हौशी स्वार तो मुद्दाम घरीं ठेवून जातात. आमच्या मतें फोन अवश्य न्यावा. परंतु तो काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं, हें स्वाराला व त्याच्या घरच्या माणसांना, दोघांनाही ठाऊक असावें.

नेऱ्यावरून मालडुंग्याकडे व पुढें धोदाणीकडे जाणारी वाट उदाहरणार्थ घेऊं. ज्या गाढी नदीच्या कांठीं पनवेल वसलें, तिच्याच खोऱ्यांतून ही वाट माथेरानच्या पश्चिम कड्याच्या तळाशीं जाते. पनवेलच्या वेशीवर फोनच्या पडद्यावरील रेंजच्या साऱ्या दांड्या ताठ उभ्या असतात; डोंगर दोन्ही बाजूंनीं जवळ येऊं लागले म्हणजे त्या एकेक करून मावळतात. या वाटेवर आम्हीं एकदां एका म्हाताऱ्या ठाकरास विचारलें, “बाबा, येथें फोन लागतो का?” त्यानें हंसून वर बोट केलें. “हितं नाय लागायचा. त्या टेपाडावर जावा, तिथं दोन दांड्या येतात.”

या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. फोनच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें काळ्या कातळाचा डोंगर आला कीं त्यांची वाट खुंटते. मनोरे उभारले जातात ते हमरस्ते व मोठी वस्ती पाहून. निर्मनुष्य घळीसाठीं ते कोण उभारणार? म्हणून खिंडींत, टेपाडावर अथवा धारेवर फोन लागतो आणि ओढ्यांत लागत नाहीं. दुर्दैव असें कीं, सायकलस्वार पडतो तो बहुधा उतारावर किंवा ओढ्यांतच. आपण कोठें आहों हें मात्र फोन उपग्रहांवरून ओळखतो व त्यास मनोऱ्याची गरज लागत नाहीं. नकाशा घरींच उतरवून घेतला असेल, तर रेंज नसतांही वाट सांपडते. तथापि आपला ठिकाणा फोनला कळणें आणि तो दुसऱ्यास कळविणें, या दोन भिन्न गोष्टी होत. थेट उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें परदेशांतील गिर्यारोहक वापरतात. आपल्या देशांत मात्र सरकारी परवानगीवांचून तीं बाळगणें गुन्हा ठरतें. अमेरिकेंतील भाच्यास तसली भेट आणावयास कोणी सांगूं नये.

फोन कोठें ठेवावा, हा प्रश्नही क्षुल्लक नाहीं. सायकलच्या दांड्यावर बसविलेला फोन पडतांना सायकलीबरोबर दरींत जातो. मित्राच्या पिशवींत ठेवलेला मित्राबरोबर पुढें जातो. जुलै २०२२ मध्यें लोणावळ्यानजीक विसापूर किल्ल्यावरून एक तरुण पाय घसरून खोल पडला. त्याचा फोन सोबत्याच्या पिशवींत होता. मनगटावरील घड्याळांतून फोन करण्याची सोय होती म्हणूनच त्याला घरीं कळवितां आलें. फोन स्वतःच्या अंगावर, बंद खिशांत असावा; मात्र पाठीच्या कण्यावर नसावा, कारण पडतांना ती कठीण चकती तेथेंच रुतावयाची. पावसांत ओल्या पडद्यावर बोट चालत नाहीं, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळावा. रेंज शोधण्याच्या खटपटींत फोनची बॅटरी लवकर संपते. तेव्हां ओसाड टापूंत त्याचें दळणवळण बंद करून ठेवावें व टेपाडावर आल्यावर उघडावें. बोलणें होत नसेल तर लिखित संदेश पाठवावा. क्षीण रेंजमध्येंही तो कित्येकदां निघून जातो. ११२ हा संकटकाळचा क्रमांक आपल्या कंपनीचा मनोरा नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागतो. कोणताच मनोरा टप्प्यांत नसेल तर तोही लागत नाहीं, हें विसरूं नये.

आतां घरच्या माणसांकडे वळूं. पूर्वीं मुलगा परगांवीं गेला म्हणजे तो पोंचल्याचें कार्ड येईपर्यंत दोन-तीन दिवस जात, आणि तेवढे दिवस घर शांतपणें वाट पाही. १९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांच्या घरच्यांनीं त्या साडेचार वर्षांत किती पत्रांची वाट पाहिली असेल! फोननें माणसाचा आवाज लांबवर नेला, परंतु वाट पाहण्याची शक्ति मात्र दहा मिनिटांवर आणून ठेवली. उत्तर आलें नाहीं कीं घरांत देव पाण्यांत घातले जातात. मग एकामागून एक फोन सुरू होतात. मुलगा त्या वेळीं घळींत असेल, तर काळजी व्यर्थ वाढते; आणि फोन लागलाच, तर तो उतारावर एक हात सोडून खिसा चांचपूं लागतो. ज्या फोननें त्याचें रक्षण करावयाचें, तोच त्यास पाडण्यास निमित्त होतो.

यावर आम्हांस एक साधा उपाय सुचतो. निघण्यापूर्वीं एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून ती घरीं ठेवावी: वाट कोणती, सोबत कोण, परतण्याची वेळ कोणती, आणि काळजीची वेळ कोणती. या शेवटच्या दोन वेळा निराळ्या असाव्यात. अकराला परतावयाचें असेल, तर काळजीची वेळ एकची धरावी. तोंवर घरच्यांनीं फोन करूं नये आणि वाईट कांहीं मनांत आणूं नये. एक वाजला मात्र कीं क्षणाचाही विलंब न लावतां ११२ वर कळवावें व ती चिठ्ठी वाचून दाखवावी. शोध घेणाऱ्यांस सर्वांत मोठी अडचण पडते ती कोणत्या डोंगरांत शोधावें याची, आणि ती फोन बंद असतांनाही ही चिठ्ठी दूर करते.

निरोप पोंचला म्हणजे मदत पोंचली, असेंही नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, पनवेलपासून दूर नसलेल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखालीं गाडली गेली. वार्ता रात्रींच खालीं पोंचली. परंतु वाडीला रस्ता नव्हता, मोठीं यंत्रें वर चढेनात आणि हवामानामुळें हेलिकॉप्टरही उतरेना. माणसें चिखलांतून पायींच वर गेलीं व कुदळ-फावड्यांनीं खणूं लागलीं. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ जणांचा पत्ताच लागला नाहीं. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, पनवेलची निसर्गमित्र यांसारख्या संस्थांचे तरुण आपलीं कामेंधामें सोडून अशा हांकेस धांवतात; परंतु तेही दोन पायांनींच चढतात.

म्हणूनच शेवटच्या वाडींत सायकल थांबवून, “मामा, आम्ही अमुक वाटेनें वर जात आहों, दुपारीं येथूनच परतूं,” एवढें सांगून जाण्यास विसरूं नये. त्या वाडींतील कोणीतरी वाटेकडे डोळा ठेवतो, आणि तुम्हीं वळलां नाहीं तर पहिला तोच शोधावयास निघतो. नव्या पिढीनें फोन खुशाल न्यावा. परंतु घरीं ठेवलेली चिठ्ठी आणि वाडींत सांगितलेला शब्द यांना रेंज लागत नाहीं. फोन मुका झाला तरी या दोहोंच्या बळावर घरची आई एक वाजेपर्यंत स्वस्थ बसूं शकते, आणि एकनंतर तिला काय करावयाचें तें ठाऊक असतें.