छत्री कुठवर गेली

झाशी

चि. बंड्यास,


तुझा मेसेज वाचला. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांच्या छत्रीवरची, म्हणजे स्मारकावरची, तुझी पोस्ट हजारावर लोकांनी शेअर केली, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. आता ती कोण, कुठे, किती वेळा पाठवतंय याचा माग कसा काढायचा, असं विचारतोस. एवढं सगळं अंगठ्याने लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतलाय.

फेसबुकचा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्यावर बोट ठेवून बघ. हजारांतली मोजकी नावं दिसतील. बाकीच्यांनी आपापल्या मित्रांपुरती किंवा बंद ग्रुपात टाकलेली पोस्ट तुला दिसणार नाही. इन्स्टाग्राम किती जणांनी पाठवली ते सांगतं, कुणी ते सांगत नाही. ट्विटरने तर 2015 च्या नोव्हेंबरात बातम्यांखालच्या बटणाशेजारचा आकडाच काढून टाकला. चार दिवस ओरड झाली, मग सगळे विसरले. आणि आपली माणसं जिथे खरी राहतात त्या व्हॉट्सॲपवर तुझा फोटो उतरवून कुणी नव्याने पाठवला, की तुझ्या हातात काहीच उरत नाही.

तिथे पुढे पाठवलेल्या मेसेजवर दिसणारा तो दुहेरी बाण तू पाहिला असशीलच. किती लोकांना मेसेज गेला, हे तो सांगत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळी पाच किंवा अधिक हातांची झाली, एवढंच सांगतो. मोजणी मेसेजसोबतच प्रवास करते, आत काय लिहिलंय ते कंपनीलाही दिसत नाही. मजकूर कॉपी करून नवा म्हणून पाठवला, की बाण गेला. सरकारला मात्र पहिला पाठवणारा कोण ते हवंय. 2021 मध्ये तसा नियम आला आणि व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

हे बाण नि पुढे पाठवण्यावरच्या मर्यादा कशापायी आल्या, हे तुमच्या पिढीच्या ध्यानात राहिलं नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठव. 1 जुलै 2018 ला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी मुलं पळवणारे समजून गावाने ठेचून मारलं. देशात ठिकठिकाणी तेव्हा तसंच चाललं होतं. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन जाहीर झालं. पुढे 2020 च्या एप्रिलपासून दुहेरी बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शेअरचा आकडा बघून छाती फुगते ना, तेव्हा राईनपाड्याची अफवाही अशीच भरभरून शेअर झाली होती, हे विसरू नकोस.

आमच्या या मुलखात फिरत्या निरोपांच्या मोजदादीचा नाद जुना आहे. 1857 च्या सुरुवातीला उत्तरेत गावोगाव चपात्या फिरल्या, हे तुला शाळेत शिकवलंच असेल. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या टेबलावर एका सकाळी जाडसर पिठाच्या अशा चार चपात्या आल्या. चौकीदाराला कुणी जंगलातून येऊन दिल्या होत्या आणि बजावलं होतं : अशाच चार भाज, पुढच्या गावच्या चौकीदाराला दे आणि त्यालाही हेच सांग. साहेबलोकांनी चौकशा केल्या. एका रात्रीत शंभरावर मैल जातात, असा हिशेबही मांडला. वेग कळला, वाट थोडीफार कळली, पण निरोप काय होता ते कुणालाच कळेना. ज्याने भाजल्या त्यालाही नाही. किम वॅग्नर या इतिहासकाराचं म्हणणं असं, की इंदूरकडे पटकीची साथ हटवण्याच्या तोडग्यातून हे सुरू झालं असावं आणि वर सरकता सरकता मूळ अर्थ गळून पडला. मला ते पटतं.

कारण तुझी छत्री माझ्याकडे परत आली, ती अशीच. परवा शेजारच्या किराणावाल्याने मला पाठवली. दुहेरी बाण, वर गुलाबाची फुलं, ‘सुप्रभात’. तुझं नाव आणि ‘छत्री’ हा शब्द खालच्या उजव्या कोपऱ्यात होते ना? तो कोपरा कापलेला. ‘छत्री’च्या ‘छ’ची नुसती शेंडी राहिलीय. आणि खाली ठळक हिंदीत : महारानी लक्ष्मीबाई की समाधि, झाँसी. अरे, समाधी ग्वाल्हेरला, फुलबागेत! ही छत्री नवऱ्याची. 21 नोव्हेंबर 1853 ला गंगाधरराव गेले आणि राणीने लक्ष्मी तालाजवळ ती बांधवली, हे तूच लिहिलं होतंस. किराणावाल्याला मी सांगितलं, तर म्हणाला, ‘अरे चाचीजी, फोटो तो असली है न?’ त्याचं खोटं नाही. फोटो खरा, आकडा खरा, मजकूर तेवढा राहिला नाही.

म्हणून म्हणते, किती वेळा पाठवली ते मोजू नकोस. कुठल्या रूपात पोचली, ते बघ. अधूनमधून आपलंच एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोध, फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा. जिथे चुकीचं दिसेल तिथे दोन ओळींत दुरुस्ती लिही, भांडू नकोस. एवढा माग पुरे.

मूळ मजकूर जपणं मात्र सोडू नकोस. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी इंग्रजांनी घातलेला झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, राजवाड्यातल्या ग्रंथांची झालेली दशा पाहिली, आणि ते सगळं ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली छापलं, तेव्हा गोडसे हयात नव्हते. तेही जसंच्या तसं नाही छापलं. भाषेवर हात फिरवला, काही गाळलं. मूळ बाड जपलेलं होतं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना 1966 मध्ये गोडशांचा मजकूर गोडशांच्या शब्दांत छापता आला. अमृतलाल नागरांनी हिंदीत नेलं, अलीकडे इंग्रजीतही आलं. गोडशांना आपल्या आयुष्यात किती वाचक मिळाले, सांग बरं? तरी आज झाशीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दारात जावं लागतं, तुलाही गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तेव्हा तुझी मूळ पोस्ट, टिपणं, फोटोच्या तारखा वेगळ्या ठेव. फेसबुकच्या भरवशावर नको.

आणखी एक. 19 नोव्हेंबर जवळ आलाय. राणीच्या जयंतीला तिचा तो ‘असली फोटो’ पुन्हा फिरेल, 1850 मध्ये कुणा हॉफमनने काढला म्हणतात तो. अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. त्यावर शेअर तुझ्या छत्रीपेक्षा कितीतरी पट मिळतील, मोह होईल. टाकू नकोस. त्याऐवजी छत्रीचीच पोस्ट पुन्हा टाक आणि ‘समाधी ग्वाल्हेरला, ही गंगाधररावांची छत्री’ एवढं फोटोवरच लिही. मधोमध लिही. कोपऱ्यातलं लोक कापतात.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या