उष्णतेची वाट

मे महिन्यात दुपारी बारानंतर भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात फारसं कोणी थांबत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली माणसं सावली धरून चालतात, वैनगंगेवरून येणारा वाराही चटका देऊन जातो, आणि पारा 44-45 अंशांवर पोचलेला असतो. या दिवसांत आमच्या घरांत गारव्याच्या जागा तीनच : खिडकीतला कूलर, कोपऱ्यातला माठ आणि फ्रीज. पहिल्या दोघांची आम्ही मनापासून सेवा करतो. कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलतो, टाकी धुतो, माठ घासतो, त्याला ओलं फडकं गुंडाळतो. फ्रीज मात्र एकदा भिंतीला टेकवून उभा केला की त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो गुरगुरतोय म्हणजे चालतोय, एवढ्यावर आमचं समाधान. वर्षभर, दिवसरात्र न थांबता घरासाठी राबणारं दुसरं यंत्र आपल्याकडे क्वचितच असेल. मला त्याच्याबद्दल फार माया वाटते.

खरं तर माठ आणि फ्रीज एकाच गुणावर चालतात. मातीच्या बारीक छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. वैशाखातली आमची हवा कोरडी, म्हणून माठाचं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं. श्रावणात तोच माठ हतबल होतो. फ्रीजच्या नळ्यांत पाण्याऐवजी दुसरा द्रव असतो. आतल्या बाजूला त्याची वाफ होते, तेव्हा तो दुधातली, भाजीतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत ढकलतो. तिथे ती आपली उष्णता खोलीत सोडते आणि पुन्हा द्रव होते. माठातून उडालेलं पाणी परत येत नाही, ते रोज भरावं लागतं. फ्रीजमधलं हे चक्र वर्षानुवर्षं तेवढ्याच द्रवावर फिरत राहतं. थंडी कुठूनही आणली जात नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, इतकंच. हे एकदा मनात उतरलं की निगेचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. बाहेर टाकलेल्या त्या उष्णतेला जायला वाट हवी.

फ्रीजवर कुठेतरी एक छोटी माहितीची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालची हवा 32 अंशांपर्यंत असेल तर, ‘एसटी’ म्हणजे 38 पर्यंत, ‘टी’ म्हणजे 43 पर्यंत. सगळ्यात सोशिक वर्गाची हद्द 43 अंश! आता नवतपातलं, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातलं, आपलं घर डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेची तापलेली भिंत, वर पत्रा, शेजारी गॅसची शेगडी, आणि फ्रीजची पाठ भिंतीला चिकटलेली. त्याच्या डोक्यावर क्रोशाचं आच्छादन, जुनी वर्तमानपत्रं, औषधांचा डबा; कुशीला तांदळाची कोठी. त्याने कष्टाने बाहेर काढलेली उष्णता त्याच्याच अंगावर परत येते. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, विजेचं बिल चढतं आणि दूध तरीही फुटतं.

आमच्याकडे पुष्कळ घरांत फ्रीज समोरच्या खोलीत असतो. पाहुण्यांना दिसावा ही हौस त्यामागे होतीच, आणि तिच्यात वावगं काही नाही. पण शेगडीपासून दूर राहिल्याने ती जागा फ्रीजलाही मानवते. फक्त त्याच्या पाठीमागे वीतभर, दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडावी आणि त्यावर ऊन येऊ देऊ नये. मागे काळी जाळी असेल तर तिच्यावर धूळ, कोळिष्टकं बसतात. बटण बंद करून, पिन काढून ती मऊ ब्रशने झाडावी. हल्लीच्या फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तो पत्रा हाताला गरम लागला की लोक घाबरतात. घाबरू नये. तीच ती आतून काढलेली उष्णता. कूलरचाही इथे संबंध येतो. त्याची ओलसर हवा दार उघडताच आत शिरते आणि फ्रीजरमध्ये तिचा बर्फ जमतो. साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये हा थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो वितळवायलाच हवा, कारण बर्फाची ती भिंत उष्णतेला अडवते. बटण दाबून निवांत वितळू द्यावा. सुरीने, उलथन्याने खरवडू नये; त्या पातळ पत्र्याला भोक पडलं की आतला वायू गेला.

दाराच्या रबराकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. दहाची नोट दारात धरून दार लावावं आणि ओढून बघावी. अलगद निघून आली तर रबर सैल पडलंय. कोमट साबणाच्या पाण्याने ते पुसलं तरी पुष्कळदा पुन्हा घट्ट बसतं, चिकटपणाच आड येत असतो. आणि आतल्या त्या गोल बटणावरचे आकडे अंश दाखवत नाहीत. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, एवढाच त्यांचा अर्थ. आत खरोखर किती थंड आहे हे कळायला पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर रात्रभर ठेवावा. सकाळी तो 4 अंशांच्या आसपास दिसला पाहिजे, फ्रीजरमध्ये उणे 18.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असं वाटेल. ती गरज आपल्या ताटातच आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. दोन्ही वेळेला भात, आणि भात उरतोच. रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी कांदा, मिरची, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून फोडणीला टाकायचा, ही आमच्या घराघरांतली सकाळ आहे. तिच्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे तपशिलात सांगतो. मातीतून धान्यावर येणारा बॅसिलस सिरिअस नावाचा एक जिवाणू आहे. त्याचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात. आणि त्यांतले काही असं विष सोडतात, की कितीही कडक फोडणी दिली तरी ते नाहीसं होत नाही. मग उलट्या सुरू होतात आणि दोष मिरचीला दिला जातो. 5 ते 60 अंशांच्या मधली ऊब या जिवाणूंना मानवते, आणि आमच्या मे महिन्यातल्या रात्रीसुद्धा 28-30 अंशांच्या असतात. रांधलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड जागी जावं, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे आमच्यासाठी मार्च ते जून एकच तास.

पण भाताचा वाफाळता गंज, म्हणजे पातेलं, उचलून तसाच आत ठेवला तर शेजारचं दूध, दही सगळं तापतं, आणि खोल गंजातला मधला भात कित्येक तास गरमच राहतो. आपल्या आयाबायांकडे यावर उत्तर होतंच : परात. भात परातीत पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी, मग उथळ डब्यात झाकून आत ठेवावा. वरण-भाजीचं पातेलं माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावं. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून वाफ येईपर्यंत गरम करावं आणि संपवावं; तेच अन्न पुन्हा थंड, पुन्हा गरम करत बसू नये. थंडीत जिवाणू मरत नाहीत, मंदावतात. लिस्टेरियासारखा एखादा तर फ्रीजमध्येही हळूहळू वाढत राहतो, आणि तो गर्भवतीच्या बाळाला धोक्याचा असतो. घरात लेक बाळंतपणाला आली असेल तर तिला त्या दिवसाचंच ताजं वाढावं.

तलावांच्या या जिल्ह्यात मासळी आणि झिंगे घराघरांत येतात. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले तलाव आजही ती पुरवत आहेत. कच्ची मासळी झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे तिचं पाणी शिजलेल्या अन्नावर गळत नाही. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार, कारण तो दर वेळी बाहेर येतो. तिथे दूध ठेवू नये, लोणचं-सॉस ठेवावं. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, तरी दही, ताक, चिंचेचं सार कल्हई उडालेल्या पितळेत ठेवून फ्रीजमध्ये टाकू नये. आंबटपणा धातूला थंडीतही खातो. कांदे, बटाटे, केळी बाहेरच बरी.

काही घरांत याच दाराआड इन्सुलिन असतं. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात, आणि ते एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं, दिसायला कितीही ठीक असो. म्हणून ते फ्रीजरजवळ किंवा मागच्या भिंतीला लागून ठेवू नये. मधल्या कप्प्यात, डब्यात, पुढच्या बाजूला ठेवावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल तर लसींचा फ्रीज नीट बघा. त्याचं दार वर उघडतं, कारण थंड हवा जड असते आणि वरून उघडल्यावर ती बाहेर सांडत नाही. भोवती बर्फाचं अस्तर असतं, म्हणजे वीज गेली तरी काही तास लसी सांभाळल्या जातात. तिथल्या सिस्टर सकाळ-संध्याकाळ त्याचं तापमान वहीत लिहितात. गावातल्या प्रत्येक बाळाची लस त्या वहीच्या शिस्तीवर टिकून असते. मला त्या वहीबद्दल फार आदर आहे.

वीज जाणं आपल्याकडे नवीन नाही. मे-जूनच्या वादळात संध्याकाळी गेलेली वीज मध्यरात्री येते. तोवर दार उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत. बाहेरगावी जाताना फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजावं आणि आतली मासळी टाकून द्यावी.

आता नळ्यांतल्या वायूबद्दल. गोदरेज कंपनीने मुंबईत 1958 मध्ये पहिला भारतीय फ्रीज बनवला. त्या काळच्या फ्रीजमधला वायू ओझोनचा थर विरळ करतो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवलं, त्याला आळा घालायला 1987 मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. आज नव्या फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, तोही अगदी थोडा. तो ओझोनला निरुपद्रवी, पण पेट घेणारा. म्हणून गॅस भरायला जाणता कारागीरच बोलवावा आणि पट्टीवर लिहिलेलाच वायू भरायला सांगावं. भंगारात द्यायच्या फ्रीजचं दार आधी काढून टाकावं. लपाछपी खेळणारी मुलं आत अडकून गुदमरतात. अमेरिकेत 1956 मध्ये दार आतून ढकलून उघडता यावं असा कायदा करावा लागला, तो अशाच मृत्यूंनंतर.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट शेवटी सांगतो, म्हणजे ती लक्षात राहील. फ्रीजला तीन पिनांचा प्लगच हवा आणि त्याची मोठी पिन खऱ्या अर्थिंगला जोडलेली हवी. ती पिन कापून दोन पिनांवर फ्रीज चालवणं म्हणजे ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या लेकराचा हात धोक्यात घालणं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात पाणी टाकत राहावं, आणि शक्य असेल तर मेन बोर्डात करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. त्याआधी एका सकाळी वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि त्याची पाठ स्वच्छ करा.