पहिले पात्र

कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेममध्ये खेळ सुरू होण्याआधी पात्र घडवावे लागते: वंश, पेशा, मग गुण. ही रीत १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासूनची. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) सहाही गुण आठपासून सुरू होतात आणि वाटायला २७ पॉइंट मिळतात. तेरापर्यंतची प्रत्येक पायरी एका पॉइंटची, चौदा आणि पंधरा मात्र दोन-दोनची. म्हणजे सगळ्यांत तरबेज पात्र होतच नाही. मार्केट यार्डातल्या हमालाची ताकद आणि अडत्याची जीभ एकाच अंगी आणू पाहणारा नवखा खेळाडू धड ना इकडचा धड ना तिकडचा योद्धा घडवतो. केस-भुवया निवडण्यात तास जातो तो वेगळाच; पुढे ते सगळे बहुधा शिरस्त्राणाखाली झाकले जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’मध्ये (२०२०) हा घोळ नाही, नायिका तयारच मिळते.