बरं नाही म्हणजे नेमकं काय होतंय?

भोपाळमध्ये रुग्णाच्या तोंडून 'गॅस' हा शब्द आला की डॉक्टरला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. पोटात गॅस धरतो असं त्याला म्हणायचंय, की १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री 'गैस लगी थी' हे तो सांगतोय? पहिल्याचं जेवणखाण विचारायचं, दुसऱ्याच्या छातीला आधी स्टेथोस्कोप लावायचा. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी जुन्या शहरातली वयस्क माणसं आपल्या दुखण्याची हकिगत त्या रात्रीपासूनच सुरू करतात.

मी या शहरात मेडिसिन शिकवतो. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, हा आमच्या विद्येतला जुना नियम. तरीही रोज केसपेपर उघडावा तर 'जनरल वीकनेस', 'गिडीनेस', 'बॉडी एक'. रुग्ण बोलला एक आणि कागदावर उतरलं भलतंच. या भाषांतरात रोगाचा माग हरवतो, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

बरं नसणं सांगायला इंग्रजीत शब्दांची वाण नाही: अंडर द वेदर, आउट ऑफ सॉर्ट्स, पीकी, ऑफ कलर, रफ. आमची मुलं परीक्षा देऊन ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुजू होतात तेव्हा त्यांना हे सगळं नव्याने शिकावं लागतं. तिथला म्हातारा 'आय वॉज सिक' म्हणाला तर बहुधा त्याला उलटी झालेली असते. 'पूअरली' म्हणजे एखादं काम वाईट रीतीने करणं, एवढंच शाळेत शिकलेलं असतं. वॉर्डातली नर्स मात्र एखाद्या रुग्णाला 'व्हेरी पूअरली' म्हणते तेव्हा तो अत्यवस्थ असतो, आणि डॉक्टरने हातातलं काम टाकून धावायचं असतं. 'फनी टर्न' हा हलकाफुलका वाटणारा शब्द क्षणभर शुद्ध हरपल्याची किंवा पक्षाघाताच्या पूर्वसूचनेची बातमी असू शकतो. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात वेदनेची प्रश्नावली तयार केली. तिच्यात रुग्णांच्या बोलण्यातले ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. वेदना किती आहे याच्याइतकंच ती कशी आहे हेही महत्त्वाचं, हे त्यांनी जगाला पटवून दिलं.

आपल्याकडे हे भांडार आजीच्या तोंडी होतं. गळू पिकलं की ते ठसठसतं, दाढ ठणकते, कमरेत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पिंडरीत गोळा येतो, आव पडली की पोटात मुरडा येतो. कणकण वेगळी आणि हुडहुडी वेगळी. हुडहुडी भरून ताप आला म्हटल्यावर मी मलेरिया आणि लघवीचा जंतुसंसर्ग हे दोन्ही डोक्यात ठेवूनच पुढे जातो.

सर्वांत मोठं नुकसान 'चक्कर' या शब्दाने केलं आहे. १९५६ मध्ये नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबंही आली. त्या पिढीतल्या बायका मला सांगायच्या, 'घर गरगर फिरतं', किंवा 'उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते', किंवा 'चालताना झोक जातो'. गरगरणं बहुतेक वेळा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाशी नेतं. उठताना येणारी अंधारी रक्तदाब उतरल्याची, रक्तस्रावाची किंवा गोळ्या जास्त झाल्याची शंका देते. झोक जात असेल तर पायांच्या नसा आणि लहान मेंदू तपासायचे. त्यांची नातवंडं या तिन्हींना 'चक्कर' म्हणतात, आणि जी माहिती आजीच्या एका वाक्यात मिळायची ती काढायला मला पाच प्रश्न विचारावे लागतात.

मग 'कसंतरी होतंय'. हिंदीत 'जी घबरा रहा है'. ऐकणाऱ्याला हे पोकळ वाटतं. पण मधुमेही, वयस्क आणि बऱ्याच स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतेच असं नाही. त्यांना मळमळतं, दरदरून घाम फुटतो, दम लागतो, जीव कासावीस होतो. अशी बाई 'कसंतरी होतंय' म्हणाली आणि तिचं कपाळ ओलं असेल, तर ईसीजी आधी, बाकी सगळं नंतर. 'ॲसिडिटी' म्हणून गोळी देऊन तिला घरी पाठवणं हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

या शहराने तर शब्दांची किंमत फार जबर मोजली आहे. १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. मिरच्या जाळल्यासारखे डोळे झोंबतात, असं सांगत लोक हमीदिया रुग्णालयाकडे धावले. हा वायू काय आहे, हे तिथल्या डॉक्टरांना धड सांगणारं कोणी नव्हतं. पुढे १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर भरपाईची तडजोड झाली आणि माणसांच्या त्रासाची वर्गवारी कागदावर आली. सव्वापाच लाखांहून अधिक लोक 'किरकोळ इजा' या रकान्यात गेले. धाप, थकवा, घबराहट, डोळ्यांची चुरचुर या तक्रारी घेऊन त्यांच्यातले कितीतरी जण पुढची कित्येक वर्षं दवाखान्यांच्या रांगेत उभे राहिले. एक्स-रेत न दिसणाऱ्या त्रासाला त्या रकान्यात जागा नव्हती. तो रकाना अन्यायाचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच भोपाळमध्ये वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे विषय. पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिले आहेत, आणि ते मला योग्य वाटतं. औषधाचं किंवा हाडाचं नाव सगळीकडे एकच असावं. पण वॉर्डात पाय ठेवल्यावर विद्यार्थ्याला दुसरी भाषा लागते, म्हणजे रुग्णाची. बुंदेली, माळवी, भोपाळी उर्दू, मराठी बोलणारी माणसं आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, याची यादी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने करायला हवी. खर्च जवळपास शून्य, आणि ती सांगणारे म्हातारेकोतारे अजून आपल्यात आहेत.

वाचकांना एक विनंती. डॉक्टरांसमोर बसलात की 'बीपी वाढलंय', 'व्हायरल झालंय' असं निदान स्वतःच सांगू नका. गरगरतंय की अंधारी येतेय, ठणकतंय की आग होतेय, केव्हापासून आणि काय केल्यावर, हे घरात बोलता त्याच शब्दांत सांगा. डॉक्टरने ते लिहून घेतलं नाही, तर पुन्हा सांगा.