पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

युद्धातील वाहनाची प्रतिकृती म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेली, पण मोजमापांत मुळाशी जुळणारी वस्तू. ती खेळणे नव्हे. प्रदर्शनात मात्र ‘चालतो का हो?’ हाच पहिला प्रश्न येतो आणि ‘नाही’ म्हटले की प्रेक्षक पुढच्या टेबलाकडे वळतो. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच आणि गाय मावळ्याच्या गुडघ्याएवढी असते; तिथे ते शोभते. प्रतिकृतीत चालकाच्या गॉगलपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत सगळ्यांना प्रमाण एकच. पुण्यात लघुरूप म्हटले की कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आठवते, आणि ते योग्यच आहे. रणगाडेवाल्यांना तेवढी जागाही नाही आणि तेवढे नावही.

प्रमाणे अनेक आहेत. १:७२ मध्ये एक इंच म्हणजे सहा फूट. १:७६ हे ब्रिटिश मॉडेल रेल्वेकडून आले. त्यात एका फुटाला चार मिलिमीटर. सर्वांत लोकप्रिय १:३५ चा जन्म मात्र सोयीतून झाला. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाड्याचा किट काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून आकार तसा ठेवला आणि तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. या हिशेबात एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा मडगार्ड म्हणजे खऱ्या जीपला ३५ मिलिमीटरचे चिलखत! म्हणून कडा आतून घासून पातळ कराव्या लागतात. बाहेरून घासल्या तर आकार बिघडतो.

प्रतिकृती ‘सेंच्युरियन’ या रणगाड्याची नसते, एका सेंच्युरियनची, एका दिवशीची असते. पुण्यात जन्मलेले पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या रणगाड्यात धारातीर्थी पडले, तो ‘फामागुस्ता’ अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. असा जतन केलेला रणगाडा चाकांचा व्यास, पोलादी पत्र्यांचे कोन, झाकणांच्या बिजागऱ्या याबाबत खात्रीचा साक्षीदार असतो. त्या सकाळी त्यावर कोणते सामान कुठे बांधले होते, दोर कसा गुंडाळला होता, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी छायाचित्रेच शोधावी लागतात. प्रतिकृतीकाराचा निम्मा वेळ यातच जातो, आणि तो कुणाला दिसत नाही.

जीपच्या बाबतीत तर सर्रास फसगत होते. कोणत्याही जीपवर नळी चढवली आणि खाली १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद यांचे नाव लिहिले की काम झाले, असा समज आहे. बाजारात सहज मिळणारा किट दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा असतो. भारतीय लष्करात तेव्हा सर्रास दिसणारी महिंद्राची सीजे-३बी वेगळी. दोघींच्या चाकांमधले अंतर सारखेच, २०३२ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ५८. पण सीजे-३बीच्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेट आणि जाळी दोन्ही उंच. चेसिस किटमधली चालते. बॉनेट मात्र स्टायरीन शीट कापून नव्याने उभे करावे लागते. वर बसणारी १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ प्रत्यक्षात १०५ मिलिमीटरचीच आहे; जुन्या तोफेच्या दारूगोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून आकडा बदलला. ती सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे जीपपेक्षाही लांब. वजन दोनशे किलोच्या वर. तेव्हा मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा किंचित दबलेल्या दाखवाव्यात. जीपला ट्रेलर जोडायचा असेल तर हूकची उंची आधी जुळवावी, नाहीतर रिकामा ट्रेलरही तोंड वर करून बसतो.

रंगाचा वाद कधीच संपत नाही. एक पक्ष म्हणतो, खऱ्या रणगाड्याचा हिरवा तोच डबीतला हिरवा. दुसऱ्याचे म्हणणे असे, की लहान वस्तू जवळून पाहिली तरी डोळ्याला ती दूरच्या मोठ्या वस्तूसारखी वाटावी लागते. मधल्या हवेने रंग फिका पडतो, म्हणून प्रतिकृतीचा रंगही थोडा फिका करावा. दुसरा पक्ष बरोबर आहे, पण त्याचे अनुयायी सरळ पांढरा ओततात आणि लष्करी हिरव्याचा पिस्ता होतो. पांढऱ्याऐवजी मातकट पिवळा मिसळावा; १:३५ ला अगदी थोडा, १:७२ ला जरा जास्त. मूळ रंग कोणता, हा आणखी एक गुंता. संग्रहालयातील वाहनांना टिकावासाठी वेळोवेळी नवा रंग देतात. ती तुकतुकीत छटा प्रमाण मानणे म्हणजे देवळाच्या ताज्या ऑइलपेंटवरून यादवकाळ ठरवणे. कृष्णधवल छायाचित्रात गडद-फिके कळते, हिरव्याची जात कळत नाही. तरीही ‘हाच खरा ऑलिव्ह ग्रीन’ असे छातीठोकपणे सांगणारे दर प्रदर्शनात भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घातला मात्र जातो.

पुण्यातला पावसाळा रंगकामाला प्रतिकूल असतो. दमट हवेत लॅकर वाळताना पृष्ठभाग पांढरट पडतो. जून ते सप्टेंबर कापणे, घासणे, जोडणे उरकावे आणि फवारणी ऑक्टोबरच्या उन्हावर सोडावी. परदेशी किटमध्ये भारतीय क्रमांक आणि तुकड्यांची चिन्हे क्वचितच असतात. ती डेकलच्या कागदावर स्वतः छापून घेतात.

शेवटी माती. सह्याद्रीच्या वाटा तुडवलेल्याचा हात आपसूक तांबड्या भुकटीकडे जातो. पण असल उत्तरजवळच्या खेमकरणची जमीन गाळाची, करडी-पिवळसर. असल उत्तरला कालवे फोडून शेते भिजवली होती आणि पॅटन त्या चिखलात रुतले. तेव्हा तिथे धूळ उडवणे चूक; पट्ट्यांना ओला, जाड चिखल हवा, तळाशी अधिक, वर विरळ. ऊस उभा होता. सप्टेंबरातला ऊस जीपच्या काचेच्या बराच वर जातो, १:३५ मध्ये सुमारे सहा-सात सेंटिमीटर. त्याची पाने पातळ कागदाची कापून मधोमध दुमडतात आणि खोडाला एकाआड एक बाजूंना चिकटवतात.